पाटी चौकात, घर गल्लीत

आमच्या रामदासपेठेत दवाखान्यांची काही कमी नाही. पण जरा बारकाईने पाहिलं तर आपल्या लक्षात येईल, की दवाखाना असतो आतल्या गल्लीत आणि त्याची पाटी असते चौकात. एकच नव्हे, चांगल्या तीन-चार पाट्या. एक कॅनॉल रोडच्या वळणावर, एक सेंट्रल बाजार रोडच्या कोपऱ्यावर, एखादी विजेच्या खांबावर. प्रत्येक पाटीवर नाव तेच आणि खाली बाण. पाटीपाशी कुणी नाडी पाहत नाही की औषध देत नाही. पाटीचं काम एवढंच, की येणाऱ्याला गल्लीत वळवायचं.

आज मला ज्या विषयावर बोलायचं आहे, तो या पाट्यांचाच आहे. फक्त डॉक्टरच्या जागी लेखक आणि दवाखान्याच्या जागी त्याचं संकेतस्थळ ठेवायचं. आपल्या भागातली अनेक लिहिती माणसं हल्ली स्वतःचं संकेतस्थळ काढतात. कुणी गोंडकालीन बांधकामांवर लिहितं, कुणी झाडीबोलीतले शब्द गोळा करतं, कुणी नुसत्या कविता ठेवतं. संकेतस्थळ तयार होतं, पहिल्या आठवड्यात नातेवाईक येऊन जातात आणि मग सामसूम. अशा वेळी सल्ला मिळतो, की बाबा रे, चार ठिकाणी ब्लॉग काढ. एक इथे, एक तिथे, सगळीकडे थोडं थोडं लिही आणि प्रत्येक ठिकाणाहून वाचकाला आपल्या संकेतस्थळाकडे वळव. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे शेजारपाजारची मुलं मला या सल्ल्याबद्दल विचारतात, तेव्हा मी त्यांना यंत्राची नाही, इतिहासाची गोष्ट सांगतो. कारण ही युक्ती संगणकाने शोधलेली नाही. मराठी लेखक ती पावणेदोनशे वर्षं वापरत आला आहे.

दुसऱ्याची ओसरी

छापखाना आला तेव्हा बहुतेक मराठी लेखकांना स्वतःचं घर नव्हतं. म्हणजे स्वतःचं पत्र नव्हतं, मासिक नव्हतं. मग ते दुसऱ्याच्या ओसरीवर बसत. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ पासून जी पत्रं लिहिली, ती भाऊ महाजनांच्या मुंबईहून निघणाऱ्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात. आपण त्यांना ‘शतपत्रे’ म्हणतो, प्रत्यक्षात ती १०८ आहेत. लेखक सरकारी नोकरीत होता, त्याने टोपणनाव घेतलं होतं. तरी वाचकांना तो ओळखीचा झाला तो ‘प्रभाकर’च्या अंकांमधून. पुढे ही पत्रं पुस्तकात आली आणि साप्ताहिक बंद पडल्यावरही टिकली. साप्ताहिकाची ओसरी गेली, पुस्तकाचं घर राहिलं.

यापेक्षा नेमकं उदाहरण हरि नारायण आपट्यांचं आहे. त्यांची पहिली सामाजिक कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः येऊ लागली. पत्र दुसऱ्याचं, वाचक दुसऱ्याचे. पण त्या वाचकांना हरिभाऊंच्या लिखाणाची गोडी लागली. १८९० मध्ये हरिभाऊंनी स्वतःचं ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. आता पुढचं प्रकरण वाचायचं असेल तर ‘करमणूक’ घ्यावाच लागे. १९१७ पर्यंत ते पत्र चाललं. म्हणजे आधी परक्या अंगणात ओळख करून घ्यायची, मग आपलं घर बांधायचं आणि वाचकाला दर आठवड्याला परत यायला कारण द्यायचं. आजचा ब्लॉगलेखक याहून वेगळं काय करू पाहतो?

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी मात्र उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यांनी जानेवारी १८७४ मध्ये थेट स्वतःचं घर बांधलं. ‘निबंधमाला’. सात वर्षांत ८४ अंक, आणि ते बहुतांशी एकट्याच्या लेखणीतून उतरलेले. पण एकटं घर पुरत नाही हे त्यांच्याही ध्यानात आलं असावं. पुढे ‘काव्येतिहाससंग्रह’, न्यू इंग्लिश स्कूल, चित्रशाळा, आर्यभूषण छापखाना, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ अशा कितीतरी उद्योगांत त्यांचा हात होता. शाळेत येणारा, देवादिकांचं चित्र विकत घेणारा, वर्तमानपत्र चाळणारा, असा प्रत्येक जण वेगवेगळ्या दाराने त्याच विचारांच्या वाड्यात शिरत होता.

ज्यांना ओसरीच मिळाली नाही

इथवरची गोष्ट ज्यांना ओसरी मिळत होती त्यांची झाली. पण ओसरीचा मालक ‘इथे बसू नका’ म्हणाला तर? नागपूरच्या इतिहासात या प्रश्नाचं फार मोलाचं उत्तर आहे आणि ते आपण आपल्या मुलांना सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं.

किसन फागुजी बनसोड हे मोहपा गावचे. जन्म १८७९. नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली होती. तिच्या आसऱ्याने खेड्यापाड्यांतून आलेला मोठा कामगारवर्ग शहरात वसला होता आणि त्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची माणसं बरीच होती. बनसोडांनी या वस्त्यांमध्ये काम केलं. १९०७ मध्ये मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. लिहिण्याची ओढ होतीच. पण त्यांना जे लिहायचं होतं, त्याला दुसऱ्यांच्या पत्रांत जागा मिळाली तर मिळाली, नाही तर नाही. आणि मिळाली तरी ती पाहुण्याची जागा. म्हणून त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला. १९१० मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’, १९१३ मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८ मध्ये ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रं त्यांनी एकामागून एक काढली.

या तीन नावांकडे जरा पाहा. पहिलं नाव नागरिकाशी बोलतं, दुसरं शिवाशिवीशी भांडतं, तिसरं कामगाराला हाक मारतं. माणूस एकच, म्हणणं एकच, पण दारं तीन. जो वाचक विटाळाच्या प्रश्नावर उचलून वाचणार नाही, तो मजुरीच्या प्रश्नावर वाचेल. ही पत्रं दीर्घकाळ चालली नाहीत. वर्गणीदार गरीब, जाहिराती नाहीत, वाचता येणारेच मुळात थोडे. एक जण वाचून दाखवणार आणि दहा जण ऐकणार, अशी तेव्हाच्या वस्त्यांमधली वाचनाची रीत. तरीही एक पत्र बंद पडलं की दुसरं निघत होतं, कारण बनसोडांचं खरं घर कुठलंच एक पत्र नव्हतं. ते होतं वस्तीतलं काम. पत्रं ही त्या कामाकडे नेणारी वाट.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईहून ‘मूकनायक’ सुरू केला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचं साहाय्य केलं होतं. या पाक्षिकाची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. विचार करा, लेख छापा असं कुणी म्हणत नव्हतं. पैसे मोजून चार ओळींची पाटी लावू द्या, एवढंच मागणं होतं. तेही नाकारलं गेलं. चौकात पाटी लावण्याचा हक्क सगळ्यांना सारखा कधीच नव्हता. म्हणूनच सभा-परिषदा हेच वाचक मिळवण्याचं मोठं साधन ठरलं. १९२०च्या मार्चमध्ये माणगावला आणि मे महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपूरला परिषद भरली. नागपूरच्या परिषदेचे अध्यक्ष शाहू महाराज होते. ज्याला अक्षर येत नव्हतं, तोही सभेला येत होता आणि जाताना पत्राचं नाव घेऊन जात होता.

‘मूकनायक’ बंद पडला, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आला. १९३० मध्ये ‘जनता’ आला आणि १९५६ मध्ये त्याचंच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झालं. त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपुरात जो जनसमुदाय जमला, तो काही एका दिवसात जमला नव्हता. त्यामागे ३६ वर्षांची पत्रं, परिषदा, शाळा आणि वसतिगृहं होती.

नागपुरात नोंदलेली कंपनी

दुसरी नागपूरची गोष्ट डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांची. जन्म १८८४, रायपूरचा. शिक्षण अमरावती, मुंबई आणि मग अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात. तिथे असतानाच, १९०९ मध्ये, त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. परत आल्यावर त्यांनी मराठीत ज्ञानकोश करायचं ठरवलं. एवढं मोठं काम सरकारी मदतीची वाट न पाहता लिमिटेड कंपनी काढून करायचं, ही कल्पनाच त्या काळी अचाट होती. ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड, नागपूर’ हे त्या कंपनीचं नाव. संपादनाचं कार्यालय पुढे पुण्यात गेलं, तरी खंडांवर नागपूरचं नाव राहिलं. विसाच्या दशकात एकूण २३ खंड निघाले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे, मग अक्षरानुक्रमाने मजकूर, शेवटी सूची आणि पुरवणी.

आता अडचण पाहा. लोकांनी कधी न पाहिलेली वस्तू विकायची होती. ज्ञानकोश म्हणजे काय, तो घरात कशाला हवा, हे आधी समजावून सांगायला हवं होतं. आणि खंड तयार व्हायच्या आत पैसे उभे राहायला हवे होते. त्यासाठी गावोगाव प्रचार झाला, भाग घेणारे आणि वर्गणीदार शोधले गेले. हा सगळा खटाटोप केतकरांनी स्वतःच १९२७ मध्ये ‘माझें बारा वर्षांचें काम’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. ज्याला स्वतःचं लिखाण लोकांपर्यंत न्यायचं आहे, त्याने ते पुस्तक जरूर वाचावं. त्यात विद्वत्तेपेक्षा पायपीट जास्त आहे.

केतकर तिथेच थांबले नाहीत. ‘विद्यासेवक’ मासिक काढलं, कादंबऱ्या लिहिल्या. ‘गोंडवनांतील प्रियंवदा’ १९२६ची. कादंबरीच्या रचनेवर टीकाकारांनी बरेच ताशेरे ओढले, पण केतकरांना कथेपेक्षा समाजशास्त्र सांगायचं होतं. जो वाचक ज्ञानकोशाचा जाडजूड खंड हातात घेणार नाही, तो कादंबरी घेईल, हे त्यांना कळत होतं. ज्ञानकोश, मासिक, कादंबरी, व्याख्यान अशी चार तऱ्हेची दारं आणि आत विचारांचं एकच घर. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. या शतकात यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने हा ज्ञानकोश संगणकावर आणला, तेव्हा कागदावर मिळेनासे झालेले खंड पुन्हा वाचकांपुढे आले. मूळ घर मजबूत बांधलेलं असलं, की शंभर वर्षांनीही त्याला नवं दार काढता येतं.

मैफलीतून पुस्तकाकडे

तिसरं उदाहरण आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कविवर्य सुरेश भट. जन्म अमरावतीचा, १९३२चा, पुढे वास्तव्य नागपूरचं. ‘रूपगंधा’ १९६१ मध्ये आलं, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ मध्ये, ‘एल्गार’ १९८३ मध्ये. कवितेचं पुस्तक मराठीत किती खपतं, हे सांगायला नको. पण भटांचे शब्द पुस्तकाच्या आधी कानावर पडत. मैफलीत ते स्वतः गझल सादर करत. ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांतून हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर त्यांचे शब्द घराघरांत गेले. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झालं. तेव्हापासून विदर्भातल्या खेड्यातला माणूस पुस्तकाचं दुकान नसतानाही कवी ऐकू शकत होता. गाणं ऐकून कुणाला तरी प्रश्न पडे, हे लिहिलं कुणी? आणि तो शोधत पुस्तकापर्यंत येई.

पण भटांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला सर्वांत मोठी वाटते. नव्याने लिहिणाऱ्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. मतला म्हणजे काय, काफिया-रदीफ कसे सांभाळायचे, हे साध्या भाषेत सांगणारी. ती ते नवोदितांना पाठवत. म्हणजे ‘माझं वाचा’ एवढंच न म्हणता ‘तुम्हीही लिहा, कसं ते मी सांगतो’ असं म्हटलं. जे गझल लिहायला शिकले, ते भटांचे जन्माचे वाचक झाले. २००३ मध्ये भट गेले, पण त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या संकेतस्थळावर नवे गझलकार जमत राहिले.

फॉन्टचा गोंधळ आणि जालनिशी

आता संगणकाकडे येऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या मराठी मंडळींचं ‘मायबोली’ सुरू झालं. पण देवनागरीत लिहिणं म्हणजे दिव्य होतं. ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा. एका वर्तमानपत्रासाठी एक फॉन्ट उतरवून घ्यायचा, दुसऱ्यासाठी दुसरा. फॉन्ट नसला की पडद्यावर नुसती चिन्हांची जत्रा. लेखक चार ठिकाणी लिहील कसा, जर एका ठिकाणचं अक्षर दुसऱ्या ठिकाणी उमटतच नसेल?

हा तिढा सोडवला युनिकोडने. जगातल्या सर्व लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक द्यायचा, मग फॉन्ट कुठलाही असो. विंडोज २००० पासून घरच्या संगणकावर देवनागरीची सोय आली. ‘बरहा’, ‘गमभन’ यांसारख्या साधनांनी रोमन कळफलकावरून मराठी टंकता येऊ लागली. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया, २००४ मध्ये ‘मनोगत’, २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आणि ‘उपक्रम’. आणि याच सुमारास ब्लॉग बहरले. ‘ब्लॉगर’ ही सेवा १९९९ची, २००३ मध्ये ती गूगलने घेतली. ‘वर्डप्रेस’ २००३चं, त्याची फुकट जागा देणारी सेवा २००५ची. मराठी माणसाने ब्लॉगला लगेच नावं दिली. कुणी अनुदिनी म्हटलं, कुणी रोजनिशीवरून जालनिशी.

त्या काळातला मराठी ब्लॉगलेखक वाचक कसे मिळवत होता, ते पाहण्यासारखं आहे. ‘मराठी ब्लॉग्स डॉट नेट’ नावाचं एक ठिकाण होतं. तिथे नोंदणी केली, की आपल्या ब्लॉगवरच्या नव्या लेखाचं शीर्षक तिथल्या यादीत दिसे. वाचक ती यादी उघडून बसत आणि शीर्षक आवडलं तर आत येत. म्हणजे ती निव्वळ पाट्यांची भिंतच होती. दुसरीकडे ‘मनोगत’, ‘मायबोली’, ‘मिसळपाव’ इथे लोक लेख टाकत आणि शेवटी ‘माझ्या अनुदिनीवर पूर्वप्रकाशित’ अशी ओळ लिहीत. दिवाळी आली की या संकेतस्थळांचे स्वतःचे दिवाळी अंक निघत, त्यात लेख आला तर वर्षभराची ओळख. २००८ मध्ये ‘स्टार माझा’ वाहिनीने ब्लॉगलेखकांसाठी स्पर्धा घेतली, तेव्हा ज्यांना ब्लॉग शब्द माहीत नव्हता अशा घरांतही तो पोचला.

आणि एक कुरकुर त्या काळी सगळीकडे ऐकू येई. आवडलेला लेख कुणीतरी उचलायचा, लेखकाचं नाव गाळायचं आणि ईमेलने शंभर जणांना पाठवायचा. अशा ईमेलना ‘ढकलपत्र’ असं झकास नाव पडलं होतं. लेख हजारो जण वाचत, पण एकही वाचक लेखकाच्या दारी येत नसे. कारण पाटीवरचा बाणच कुणीतरी पुसलेला असे. आज हेच काम मोबाइलवरचे गट करतात.

ओसरीचा मालक

दुसऱ्याच्या जागेवर लिहिण्याचा खरा धोका मात्र वेगळा आहे. मालक एक दिवस वाडाच पाडतो. ‘जिओसिटीज’वर नव्वदच्या दशकात असंख्य लोकांनी आपली पहिली पानं बांधली, ऑक्टोबर २००९ मध्ये ती सेवा बंद झाली. ‘याहू ३६०’ त्याच वर्षी गेली. ‘गूगल रीडर’ जुलै २०१३ मध्ये बंद झाला आणि ब्लॉगचे नियमित वाचक एका फटक्यात विखुरले. ‘ऑर्कुट’ सप्टेंबर २०१४ मध्ये गेलं, ‘गूगल प्लस’ एप्रिल २०१९ मध्ये. प्रत्येक वेळी काही महिन्यांची सूचना मिळाली, हे खरं. पण ज्यांनी ती वाचली नाही, जे आजारी होते, जे हयात नव्हते, त्यांच्या लिखाणाचं काय झालं? काही पानं जिज्ञासू लोकांनी धावपळ करून साठवली. बाकीची गेली. वाळवीने खाल्लेल्या पोथीचा निदान भुगा तरी राहतो.

म्हणून मुलं मला विचारतात, तेव्हा मी तीन गोष्टी सांगतो.

पहिली, लेख आधी आपल्या घरी ठेवा, मग बाहेर न्या. जाणकारांनी २०१२च्या सुमारास याच रीतीला इंग्रजीत एक नावही दिलं, पण हरिभाऊ आपट्यांना ती नावाशिवाय ठाऊक होती. आणि घर म्हणजे स्वतःच्या नावाचा पत्ता. अर्थात त्यालाही घरपट्टी असते. पत्त्याची नोंदणी मुदतीने करावी लागते आणि नूतनीकरण राहिलं तर तोही हातचा जातो. तेव्हा लेखांची एक प्रत आपल्या संगणकावर आणि जमल्यास कागदावर हवीच.

दुसरी, तोच लेख जसाच्या तसा चार ठिकाणी चिकटवू नका. शोधयंत्राला चार सारखे मजकूर दिसले, की ते त्यातला एकच पुढे ठेवतं, आणि पुष्कळदा तो मोठ्या, गाजलेल्या जागेवरचा असतो. म्हणजे पाटी वर येते आणि दवाखाना दिसेनासा होतो. २००९ पासून मूळ प्रत कोणती, हे शोधयंत्राला सांगणारी एक खूण पानात ठेवता येते, ती ठेवावी. पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे दर ठिकाणी वेगळं काही द्यावं. समजा, गांधीसागर तलावावर तुम्ही मोठा लेख लिहिला आहे. एका ब्लॉगवर फक्त जुनी-नवी छायाचित्रं आणि दोन ओळी. दुसऱ्यावर ‘शुक्रवारी तलाव’ या जुन्या नावाविषयी एक टिपण. तिसऱ्यावर तलावाकाठच्या आठवणी वाचकांकडून मागवा. आणि प्रत्येकाच्या खाली, सविस्तर लेख इथे आहे, असा बाण. बनसोडांची तीन पत्रं आठवा. दार वेगळं तर हाकही वेगळी हवी.

या रीतीचा गैरवापरही पुष्कळ झाला. लिहायचं काहीच नाही आणि पन्नास ब्लॉग काढून सगळ्यांवर आपल्याच दुव्यांची तोरणं बांधायची, असा धंदा सुरू झाला. लोकांच्या लेखांखाली प्रतिक्रिया म्हणून स्वतःचे पत्ते चिकटवणारेही निघाले. शोधयंत्रांनी २००५ मध्ये अशा दुव्यांकडे दुर्लक्ष करण्याची सोय केली आणि २०१२ मध्ये गूगलने दुव्यांची बनावट जाळी विणणाऱ्यांना मागे ढकललं. बाण खूप झाले आणि आत डॉक्टरच नसला, तर पेशंट एकदाच येतो.

तिसरी गोष्ट, दारं तेवढीच ठेवा जेवढी झाडता येतील. एकटा माणूस नोकरी सांभाळून चार ब्लॉग नीट चालवू शकत नाही. सहा महिने न झाडलेली ओसरी पाहून आतलं घर ओस पडलं आहे, असंच पाहुण्याला वाटतं. दोन पुरेत, पण तिथे कुणी बोललं तर उत्तर द्यायला हजर राहा. आणि जे वाचक खरोखर घरापर्यंत आले, त्यांचा पत्ता मागून घ्या, नवा लेख झाला की त्यांना कळवा. ज्ञानकोशाला जगवलं ते वर्गणीदारांच्या यादीने. ती यादी दुसऱ्या कुणाच्या हातात नव्हती.

विदर्भातल्या लेखकाला हे सगळं जास्त महत्त्वाचं आहे. पुण्या-मुंबईच्या प्रकाशकाच्या दारात बसून राहणं आपल्या कितीतरी लिहित्यांना परवडलं नाही, आणि हस्तलिखितं पेटीत राहून गेली. आज आष्टीच्या किंवा सिरोंच्याच्या मुलीला स्वतःचं पान उघडायला कुणाची परवानगी लागत नाही. पाटीसाठी पैसे घेऊनही नकार मिळण्याचा तो काळ बराचसा मागे पडला आहे. पण पान उघडणं सोपं झालं म्हणून टिकवणंही सोपं झालं, असं नाही.

जाता जाता नागपूरच्याच एका माणसाचं नाव घेतो. वसंत मून. ‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे अंक १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाने ग्रंथरूपात काढले, त्यामागे त्यांची मेहनत होती. अल्पायुषी पत्रांचे अंक शोधणं, जुळवणं, पुन्हा छापणं, हे काम कुणीतरी केलं म्हणून आज आपण ते वाचू शकतो. लेखकाने चार चौकांत हाका माराव्यात, जरूर माराव्यात. पण जमलेल्या लोकांपैकी एखादा तरी असा हवा, जो ऐकून घरी जाताना ते लिहिलेलं जपून नेईल. तो वाचक मिळाला, की बाकीच्या गर्दीचा हिशेब ठेवायची गरज उरत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)